बाबागाडी थांबवायची कुठे? थीम पार्कला निघालेल्या मुंबईकर आईबाबांना खुलं पत्र

मुलुंड, मुंबई

प्रिय आईबाबांनो, आणि त्यांच्यासोबत निघालेल्या आजीआजोबांनो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, शाळांना सुट्टी लागली की आपण सगळे एकाच वेळी एकाच दिशेला सुटतो. मे महिना, दिवाळी, नाताळचा आठवडा, किंवा शनिवार-रविवारला चिकटून आलेली कुठलीही सुट्टी. कुणी एक्स्प्रेसवेने खोपोलीजवळच्या इमॅजिकाला, कुणी गोराईच्या वॉटर किंगडमला, कुणी ऊन नको म्हणून घाटकोपरच्या मॉलमधल्या किडझानियाला. ज्यांना जमतं ते हाँगकाँग, सिंगापूर, दुबई. मेव्हणा अमेरिकेत असेल तर थेट फ्लोरिडा. आणि आता या प्रत्येक ठिकाणी आपल्याबरोबर बाबागाडी येते.

पूर्वी यायची नाही. एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं तेव्हा आम्ही गोराईच्या खाडीतून बोटीने जायचो, मूल कडेवर आणि खांद्याला डब्याची पिशवी. बोटीत बाबागाडी चढवायचं कुणाच्या मनातही आलं नसतं, कारण ती घरी होतीच कुणाकडे? एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, आणि त्या दरम्यानच्या काळात बाबागाडी इमारतीतल्या घराघरांत पोचली. याबद्दल माझी काही तक्रार नाही. ‘आम्ही नाही का मुलं कडेवर वाढवली’ असं म्हणणाऱ्या बायकांपैकी मी नाही. वाढवली, आणि कंबर कायमची धरली. बाबागाडी ही फार चांगली सोय आहे. हे पत्र ती आणू नका हे सांगायला लिहिलेलं नाही.

मी हे कुठून बोलते आहे, ते आधी सांगते. राईडमध्ये बसायची माझी हौस केव्हाच फिटली. पाळणा बघितला तरी पोटात ढवळतं. त्यामुळे लेक, जावई आणि मोठी नात राईडला गेली की खाली धाकट्याला आणि त्याच्या बाबागाडीला सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. मिळेल त्या कट्ट्यावर, मिळेल त्या सावलीत. तिथे बसून माणसं बघण्याखेरीज दुसरं काम नसतं. आणि बघता बघता एक गोष्ट पक्की ध्यानात आली आहे. चालती बाबागाडी फारशी कुणाला नडत नाही. नडते ती थांबलेली.

तुम्ही स्वतःच आठवून बघा. पुढे हळूहळू चाललेली गाडी असली तर आपण आपसूक वेग कमी करतो, बाजूने निघून जातो. पण तीच गाडी दोन माणसांच्या रुंदीच्या वाटेत अचानक थांबली, आईने वाकून आतल्या बाळाचा मोजा शोधायला घेतला, की मागच्याला ब्रेक नसतो. त्याच्या मागच्याला तर काय झालं हेच दिसत नाही.

आपण मुंबईकर आहोत हो. गर्दीत कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मी आयुष्यभर लोकलच्या लेडीज डब्यातून नोकरीला गेले. ठाण्याला उतरायचं असेल तर मुलुंड जायच्या आत दाराकडे सरकायचं, पुढचीला विचारायचं ‘उतरणार का?’, पाठीवरची बॅग पोटावर घ्यायची. आणि उतरल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पर्समध्ये पास शोधायचा नाही. शोधलाच तर मागून काय ऐकायला मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हे नियम कुठल्या फलकावर लिहिलेले नाहीत, पण प्लॅटफॉर्मवर ते पाळले जातात. मग हीच माणसं तिकीट काढून पार्कच्या आत शिरली की जिन्याच्या तोंडाशीच का उभी राहतात? मला वाटतं, तिकिटाला घसघशीत पैसे मोजले की समोरचा रस्ताही आपणच विकत घेतला असं वाटायला लागत असावं.

आता कुठे कुठे थांबतो आपण, ते बघू.

पहिली जागा फाटकाची. तिकीट तपासून झालं, बॅगेची तपासणी झाली, की दोन पावलांवर कुटुंब थांबतं. टोप्या काढायच्या, बाळाला क्रीम लावायचं, नकाशा उघडायचा, आणि समोर जे काही मोठं दिसतं त्याच्यापुढे फोटो. मागे दोनशे माणसं आत यायची आहेत. एवढंच करा, कुंपणाच्या किंवा कुंडीच्या कडेला जाऊन थांबा, आणि गाडी कुंपणाला लागून वाटेच्या दिशेने उभी लावा, वाटेत आडवी लावू नका. आडवी लावलेली बाबागाडी उभीच्या जवळजवळ दुप्पट वाट खाते. इतकं साधं आहे, पण दहातले आठ जण आडवीच लावतात, कारण आडवी लावली की बाळाचा चेहरा आपल्याला दिसतो.

दुसरी जागा सगळ्यात वाईट, आणि माझी नेमणूक तिथेच असते. राईडचा बाहेर पडायचा दरवाजा. घरची माणसं तिथूनच बाहेर येणार म्हणून सगळ्या आज्या, सगळे दमलेले काका आणि सगळ्या बाबागाड्या त्या दाराशीच गोळा होतात. आतून येणारी माणसं मात्र गरगरून आलेली असतात. डोळ्यांपुढचं जग अजून थांबलेलं नसतं, चष्मा खिशात असतो, हसण्याने पोट दुखत असतं. त्यांच्या पायाखाली आपण चाकं मांडून ठेवतो.

एकदा माझ्या डोळ्यांदेखत झालं ते सांगते. पार्क कुठलं ते महत्त्वाचं नाही. दारापासून हाताच्या अंतरावर एक हलकी, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी उभी होती. तिच्या मुठींना काय काय अडकवलेलं होतं. एका बाजूला डायपरची फुगलेली बॅग, दुसऱ्या बाजूला वॉटर राईडला भिजलेल्या कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी, आणि वर चाप लावून टांगलेली दोन लिटरची पाण्याची बाटली. आईने पट्टा सोडून बाळाला उचललं आणि त्या क्षणी गाडी मागच्या मागे उलटली. हँडल जमिनीवर, पुढची चाकं हवेत. खालच्या जाळीतला कोल्ड कॉफीचा ग्लास फुटून फरशीवर पसरला, आणि नेमकी तेव्हाच आतून पुढची तुकडी बाहेर आली. एक कॉलेजचा मुलगा घसरला तो थेट गुडघ्यावर. फार काही लागलं नाही त्याला. पण आई बिचारी एका हातात बाळ घेऊन ‘सॉरी, सॉरी’ म्हणत दुसऱ्या हाताने गाडी सरळ करू बघत होती, आणि बाबा? बाबा वरच्या रेलिंगवरून मोठ्या मुलाचा व्हिडिओ काढत होते.

हे असं होण्यात नशिबाचा काही भाग नाही, साधं वजनाचं गणित आहे. हलकी बाबागाडी सहा-सात किलोची. बाळ दहा-अकरा किलोचं, आणि त्याचं वजन गाडीला खाली दाबून धरतं. मुठींना अडकवलेलं ओझं मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असतं. बाळ आत आहे तोवर तराजू कसाबसा जमतो. बाळ उचललं की ओझ्याचा विजय. आणि ओझं पुरेसं असलं तर बाळ आत असतानाही गाडी उलटते, तेव्हा त्याचं डोकं आधी फरशीवर येतं. म्हणून जड सामान खालच्या जाळीत, नाहीतर स्वतःच्या पाठीवर. मुठीला टांगायचंच असेल तर एखादी टोपी टांगा. आणि बाळाला उचलण्याआधी ब्रेक लावा, उतारावर तर नक्कीच. ब्रेक लावला असं वाटणं आणि ब्रेक लागणं यात फरक असतो. पायाने दाबल्यावर गाडी थोडी ढकलून बघायची.

राईडच्या दारापाशी नाही, तर मग कुठे? मोठ्या पार्कांत बाबागाड्या लावायची ठरलेली जागा असते, तिथेच. ती पन्नास पावलं लांब असली तरी तिथेच. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत तर कर्मचारी सतत बाबागाड्या सरळ करत, रांगेत लावत फिरत असतात. लोक बाहेर येतात आणि गाडी जिथे सोडली होती तिथे नसते, मग चोरीला गेली म्हणून घाबरतात. गेलेली नसते, चार रांगा पलीकडे सरकवलेली असते. आणि सगळ्या गाड्या काळ्या किंवा करड्या! म्हणून हँडलला ओळखीची खूण बांधा. माझ्या नातीने आमच्या गाडीला गोंड्याचं जुनं तोरण बांधलं आहे, ते लांबून ओळखू येतं. गाडीत पासपोर्ट, पाकीट, फोन ठेवून राईडला जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते.

कुणी तुमची गाडी सरकवली तर चिडू नका. आणि तुम्हाला दुसऱ्याची सरकवायची वेळ आली तर ब्रेक लावलेली गाडी ओढत नेऊ नका, ब्रेक सोडा, उचलून बाजूला ठेवा, परत ब्रेक लावा.

डिस्नेचा विषय निघालाच आहे तर, परदेशी जाणाऱ्यांनी एक मोजमाप लिहून ठेवा. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, दोन्हीकडे बाबागाडी ३१ इंचांपेक्षा रुंद आणि ५२ इंचांपेक्षा लांब चालत नाही. म्हणजे सुमारे ७९ सेंटीमीटर बाय १३२. हा नियम १ मे २०१९ पासून आहे, आपल्या महाराष्ट्र दिनापासून म्हणा. त्याच दिवसापासून मुलांना बसवून न्यायच्या चारचाकी स्ट्रोलर-वॅगनही बंद झाल्या. आपली नेहमीची एकेरी गाडी या मापात सहज बसते. जुळ्यांची शेजारी-शेजारी बसायची गाडी असेल तर मात्र घरी टेप लावून बघा. तिथे सिक्युरिटीपाशी कळलं तर त्या दिवसाचा खेळ तिथेच. गर्दी वाढली की आधी वाट वाचवायची, हे एवढ्या मोठ्या कंपनीलाही नियम करूनच सांगावं लागलं.

आता परेड, म्हणजे पार्कातली मिरवणूक. ही संध्याकाळची गोष्ट. बाबागाडीतलं मूल झोपलेलं, आईबाप दमलेले, आणि दोरीच्या पहिल्या ओळीत मोक्याची जागा मिळालेली. तिथे गाडी उभी करायची आणि तिच्या मागे आपण उभं राहायचं. यात गंमत अशी की ज्याच्यासाठी जागा अडवली तो झोपलेला आहे, आणि मागच्या पाच वर्षांच्या पोरीला गाडीच्या छताशिवाय काही दिसत नाही. झोपलेल्या बाळाला परेड बघायची नसते हो. त्याला शांत कोपरा हवा असतो. एकाने बाळाला घेऊन मागे राहावं, नाहीतर गाडी मिटून मूल कडेवर घ्यावं. मूल जागं असेल आणि गाडीत बसूनच बघणार असेल तर गाडी पुढे असू द्या, पण छत मागे घ्या आणि आपण बाजूला सरका. मागच्या पोरांना तुमच्या कोपराखालून बघता येईल.

त्या झोपलेल्या बाळाबद्दल आणखी एक, आणि हे शिष्टाचाराच्या पलीकडचं आहे. ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून चारी बाजू खोचून टाकतात. मुंबईची दमट हवा, आणि वर बंद कापड. आत वारा खेळत नाही, बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापतं, आणि बाळाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. छत पुढे ओढा, सावलीत जा, कापड टाकायचंच तर दोन बाजू उघड्या ठेवा आणि दर थोड्या वेळाने मानेला हात लावून बघा. मी मागे एका कट्ट्यावर शेजारच्या बाईला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ‘तुम्हाला काय करायचंय’ अशा नजरेने बघितलं. पण दोन मिनिटांनी ओढणी काढली.

लिफ्टचं तर विचारूच नका. मॉलमधल्या खेळांच्या जागी जायचं तर बाबागाडीवाल्यांना लिफ्टच हवी. सरकत्या जिन्यावर बाबागाडी न्यायची नाही, म्हणजे नाहीच. चाक पायरीत अडकतं, तोल जातो, आणि खाली उभ्या असलेल्यांवर सगळं येतं. बाळाला उचलून गाडी मिटली तर गोष्ट वेगळी. पण लिफ्टपाशी काय दिसतं? धडधाकट पोरांचा घोळका हातात पॉपकॉर्न घेऊन आत, आणि दारात एक बाबागाडी व एक व्हीलचेअर ताटकळत. म्हणून हे पत्र वाचणाऱ्या बिनबाबागाडीच्या मंडळींनो, तुम्हीही ऐका. जिना चढता येत असेल तर चढा. आणि बाबागाडीवाल्यांनो, व्हीलचेअर आली तर तिला आधी. तुमची गाडी मिटते, त्यांची मिटून चालत नाही. रॅम्पच्या तोंडाशी गाडी लावून ठेवणाऱ्यांना तर माझा हात जोडून नमस्कार आहे.

टाचांबद्दल थोडं. बाबागाडीचं पाय ठेवायचं फळकूट पुढच्या माणसाच्या टाचेच्या वर, जिथे पैंजण येतं तिथे लागतं. तिथे हाडाला चिकटलेली शीर असते आणि जोरात लागलं तर माणूस जागच्या जागी खाली बसतो. ढकलणाऱ्याला हे दिसत नाही, कारण गाडीचं नाक त्याच्यापासून तीन फूट पुढे असतं आणि मध्ये छत. मी एक साधी खूण धरते. गाडीच्या पलीकडे पुढच्या माणसाच्या टाचा मला दिसल्या पाहिजेत. दिसेनाशा झाल्या की मी फार जवळ आले. अर्थात तेवढी फट ठेवली की कुणीतरी तिरकं घुसतंच, मुंबईत फट म्हणजे आमंत्रण. घुसू द्या. तुम्हाला कुठे ८.१७ पकडायची आहे?

एका हाताने बाबागाडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल हा प्रकार बाबालोकांत जास्त दिसतो. बाबागाडी ढकलतात म्हणून त्यांचं कौतुक आहेच. आमच्या पिढीतले पुरुष ती ढकलताना कुणी बघेल का म्हणून आधी आजूबाजूला बघायचे. पण दोन्ही हात लावा. निदान गर्दीत, उतारावर आणि वळणावर.

मोठ्या मुलांना बाबागाडीत बसवलं की लोक टोमणे मारतात. ‘एवढा घोडा झालाय नि गाडीत बसतोय!’ हे मला मुळीच पटत नाही. एरवी चाळीतून शाळेपर्यंत चालणारं चार-पाच वर्षांचं मूल पार्कमध्ये दिवसभरात कित्येक किलोमीटर चालतं, उन्हात, रांगेत उभं राहून. संध्याकाळी त्याचे पाय गळून जातात. काही मुलांना गर्दी आणि आवाज सहनच होत नाहीत, त्यांच्यासाठी ते छत म्हणजे आडोसा असतो. बघून काही कळत नाही, तेव्हा बोलू नये. याउलट एक प्रकार मात्र खटकतो. मूल बाबांच्या खांद्यावर, आणि बाबागाडीत पिशव्या, जॅकेटं, चार जणांचे बूट, जिंकलेलं मोठं टेडी. सामानाला फिरवायला गर्दीची मधली वाट कशाला? पार्कात लॉकर असतात. ते थोडे पैसे घेतात, घेऊ देत.

रांगेत बहुतेक राईडना बाबागाडी नेता येत नाही, तेव्हा ‘आमचं लहान मूल आहे हो’ असं म्हणत दोरी उचलून आत शिरायचं नाही. बाळ कांगारू बॅगेत घ्या, गाडी बाहेर ठेवा. आणि दोघांनाही राईड करायची असेल तर दारातल्या कर्मचाऱ्याला विचारा. मोठ्या परदेशी पार्कांत पद्धत असते की एकाने राईड करायची, दुसऱ्याने मूल सांभाळायचं, मग दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग न लावता सोडतात. आपल्याकडे नसेल तर निदान विचारल्याने सुरू होईल. आजीला सोबत आणणं हा अर्थात याहून जुना उपाय आहे.

गर्दी खरोखर दाटली तर काय, हे घरातून निघतानाच ठरवा. परेड संपते, दिवे लागतात, आणि सगळं पार्क एकाच फाटकाकडे निघतं. तेव्हा पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसून राहा, बाळाला दूध पाजा, नाहीतर परेड संपायच्या आधी निघा. तरीही मध्ये सापडलात, आणि खांद्याला खांदे घासायला लागले, तर मूल उचलून छातीशी घ्या आणि गाडी सोडून द्या. गाडीची किंमत कितीही असो. गाडीतलं मूल मोठ्यांच्या कंबरेखाली असतं, ते कुणाला दिसत नाही आणि त्याला वरची हवा मिळत नाही. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला जे झालं, चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली, ते मुंबईकराला समजावून सांगायला नको. पाऊस होता, जिना अरुंद होता, आणि पुढचे थांबले होते.

पार्क चालवणाऱ्यांनाही याच पत्रात दोन शब्द सांगते, वेगळं पत्र लिहायचा उत्साह नाही. बाबागाड्या लावायची जागा आखा, पांढरे पट्टे मारा, वर छप्पर घाला. तळपत्या उन्हात तापलेल्या सीटवर बाळाला बसवायचं कसं? बाहेर पडायच्या दारापासून ती जागा दूर ठेवा, आणि दारापाशी वाट बघणाऱ्यांसाठी दुसऱ्या बाजूला बाक टाका. आम्ही दाराशी गर्दी करतो ती हौसेने नाही, बसायला दुसरीकडे काही नसतं म्हणून करतो. रॅम्प एकास बारा उताराचा हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. फरशीवर ओतलेला सिमेंटचा ढिगारा म्हणजे रॅम्प नव्हे. बाळाचे कपडे बदलायची खोली बाबांनाही जाता येईल अशी असू द्या. आणि बाबागाडी भाड्याने मिळते का, कुठल्या राईडपाशी कुठे सोडायची, हे तिकीट काढायच्या आधी वेबसाइटवर मराठीतही लिहा.

शेवटचं, येण्याजाण्याचं. खोपोली लोकलने जाणार असाल तर गाडी प्लॅटफॉर्मवरच मिटून पट्टा लावा, डबा समोर आल्यावर मिटायला घेऊ नका. दिव्यांगांच्या डब्यात बाबागाडी आहे म्हणून चढू नका, तो डबा तुमचा नाही. मेट्रोला स्टेशनात लिफ्ट आहेत, तिथे प्रवास सोपा, पण डब्यात दाराच्या खांबापाशी गाडी लावायची नाही. आणि एखादी आई कडेवर मूल घेऊन एका हाताने गाडी मिटवायची खटपट करताना दिसली तर नुसतं बघत राहू नका. बाळ मागू नका, ती देणार नाही आणि देऊही नये. ‘ताई, गाडी धरू का?’ एवढं विचारा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
बाबागाडीपाशी बसलेली एक आजी

ता. क. नवी बाबागाडी घेतली असेल तर पहिली फेरी थेट मोठ्या पार्कात काढू नका. भायखळ्याला राणीच्या बागेत जा, कामाच्या दिवशी, सकाळी. गाडी एका हाताने मिटते का, कुठल्या चाकाचा ब्रेक ढिला आहे, बाळ त्यात किती वेळ बसतं, सगळं तिथे कळतं, आणि पेंग्विनच्या काचेसमोर गाडी आडवी न लावण्याचा सरावही होतो. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद.